पितळेचं बूच

आमच्या घरात गाडी आईची आणि बॉनेट बाबांचं, अशी वाटणी होती. बाबा इथल्या फॅक्टरीत टर्नर होते. लेथवर काम करताना एकदा लोखंडाचा कीस त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला आणि त्या डोळ्याने त्यांना पुढे धूसरच दिसत राहिलं. निवृत्त होईपर्यंत ते सायकलने कामावर गेले, पण चारचाकी चालवायची नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. "अंदाज माझा चुकेल आणि हाड दुसऱ्याचं मोडेल," एवढंच ते म्हणत.

तरीही त्यांनी गाडी घेतली. बदली होऊन निघालेला एक लष्करी अधिकारी आपली जुनी विलायती गाडी विकून राहिला होता. ती सोबत न्यायची तर भाडं परवडत नव्हतं आणि इथे तिला गिऱ्हाईक नव्हतं. करडी, चारदारी, पुढे गोल दिवे, आत चामड्याच्या सीट. वस्तीत तिला 'मेमसाब' म्हणत. बाबांनी ती एका ड्रायव्हरकडून आणवून अंगणात उभी केली आणि आईला म्हणाले, "चालवणं तू शिक, चालू ठेवणं माझ्याकडे."

आई शिकली. फॅक्टरीच्या इस्टेटमधल्या रिकाम्या रस्त्यांवर, सकाळी, साडी खोचून, शेजारी बाबा गप्प बसलेले. चपला ती सीटखाली सरकवायची आणि अनवाणी पायाने पेडल दाबायची. ती सवय आजतागायत आहे. तिचं म्हणणं असं की चपलेतून काही कळत नाही.

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. आईने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लेखा विभागात आहे, स्कूटरवर जातो-येतो, आणि गाडी वर्षातून चार-पाच वेळाच हाती घेतो. आई मात्र दर सोमवारी सकाळी ग्वारीघाटला जायची. स्वतः गाडी चालवत. घाटावर नर्मदेला हात जोडायचे, तांब्याच्या लोट्यात पाणी भरून आणायचं आणि ते घरच्या देवावर घालायचं. सोबत कोणी आलं तर ठीक, नाही आलं तरी ठीक. माझ्या बायकोला हे बिलकूल पसंत नव्हतं. "आई, एक ऑटो लावून देऊ का?" असं ती विचारायची, आणि आई उत्तर द्यायची, "ऑटोवाला वाटेत दहा सवाऱ्या भरते. मी माझी जाते."

एका सोमवारी ती परत आली. गाडी अंगणात लावली, लोटा देवापुढे ठेवला आणि गाडीची किल्ली खुंटीला न लावता माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"आता तू ठेव," ती म्हणाली. "माझा पाय गेला."

काय झालं ते हळूहळू कळलं. घाटाकडे उतरणारा शेवटचा रस्ता उताराचा आहे. खाली फुलवाल्या बसतात. आईने नेहमीच्या जागी ब्रेक दाबला, पूर्ण दाबला, पण गाडी नेहमीच्या जागी थांबली नाही. ती पुढे सरकत गेली आणि एका फुलवालीच्या टोपलीला बंपर लागला. टोपली कलंडली. झेंडू रस्त्यावर सांडला. फुलवाली टोपलीच्या मागे होती, म्हणून ती वाचली. गाडी अजून हातभर सरकली असती तर काय झालं असतं, हा हिशेब आई दिवसभर करत बसली.

"काही झालं नाही ना?" मी विचारलं.

"झालं नाही, ते तिच्या नशिबाने. माझ्या पायाने नाही."

माझी बायको रात्री मला म्हणाली, "वाईट वाटते, पण बरं झालं. त्यांनीच ठरवलं. आता तुम्ही काही खोदू नका."

मी खोदलं नाही. मी आईला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. आमच्या घरात ही पद्धतच आहे: काही बिघडलं की आधी माणूस तपासायचा. यंत्राकडे बघण्याची गरज नसायची, कारण यंत्र बाबांनी बघितलेलं असायचं. फिजिओथेरपिस्टने आईच्या उजव्या गुडघ्याचे व्यायाम लिहून दिले. आई ते नियमाने करायची, खुर्चीवर बसून पाय सरळ करायची आणि खिडकीतून अंगणातल्या गाडीकडे बघायची. सोमवारी आता ऑफिसच्या आधी मी तिला घाईघाईने ऑटोने न्यायचो, आणि ती फुलवाल्या टाळून दुसऱ्या बाजूने पायऱ्या उतरायची. लोटा ती मांडीवर धरायची.

गाडी महिनाभर उभी राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून एका रविवारी मी ती बाहेर काढली. कॉलनीच्या वळणावर एक कुत्रं आडवं आलं आणि मी ब्रेक दाबला. तसा मी दणकट माणूस आहे, गुडघे ठीक आहेत. पण पेडल पायाखाली दगडासारखं लागलं; एरवी मी गाडी सावकाश नेतो, एवढ्या जोरात ब्रेक लावायची वेळ कधी आलीच नव्हती. कुत्रं स्वतःच्या हुशारीने वाचलं. मी गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिलो. मनात आलेला पहिला विचार असा होता, की या पेडलवर माझी आई ग्वारीघाटचा उतार उतरत होती.

घरी येऊन मी तिला विचारलं, "आई, ब्रेक इतका कडक कधीपासून झाला?"

"कडक कुठे? असाच तर आहे तो."

"म्हणजे पहिल्यापासून?"

तिने आठवून पाहिलं. "पहिल्यापासून नाही. पहिले लोण्यासारखा होता. मग तुझ्या बाबांनी तो डबा खोलला होता ना, तू कॉलेजात होता तेव्हा. त्याच्यानंतर कडक झाला. मी म्हटलं, हे काहून असं? तर म्हणाले, रबर नवीन आहे, हळूहळू सैल होईल." ती जरा हसली. "रबर काही सैल झालं नाही. माझा पायच तयार झाला."

तो डबा म्हणजे ब्रेकचा बूस्टर. बॉनेटखाली एका बाजूला लहान पातेल्याएवढा काळा, गोल डबा असतो. इंजिन चालू असताना एका जाड रबरी नळीने या डब्यातली हवा ओढून घेतं, आणि त्या ओढीचा जोर पायाच्या जोराला मिळतो. पायाने थोडं दाबायचं, बाकीचं डबा दाबतो. डबा बंद पडला तरी ब्रेक लागतो, पण सगळा जोर पायाचा.

डबा चालतो की नाही हे तपासायची एक सोपी रीत आहे. इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबायचं, मग दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. डबा जिवंत असेल तर पेडल पायाखालून थोडं खाली जातं. मी तसं केलं. पेडल जराही हललं नाही. पुन्हा केलं. तसंच.

नळी फुटली असेल, असं मला वाटलं. नळी तपासली, ती धड होती. मग तिचं इंजिनकडचं टोक काढलं. नळी निघाल्यावर जिथे हवा ओढणारं भोक दिसायला हवं होतं, तिथे भोक नव्हतं. तिथे पितळेचं एक बूच होतं. आट्या पाडून घट्ट बसवलेलं, डोक्याला सहा पैलू आणि कडेला बारीक, सारख्या अंतराच्या रेषा. लेथवर हत्यार सावकाश सरकवलं की उमटतात तशा. त्या रेषा मी ओळखल्या. आमच्या घरातला खलबत्ता, पाटावरच्या समईचं बूड आणि देवघराच्या कडीची मूठ, सगळ्यांवर त्याच रेषा आहेत.

डब्याच्या मागे हात घातला तर ब्रेकच्या तेलाच्या दोन नळ्या डब्यात जातच नव्हत्या. पत्र्याच्या आडोशाला त्या एका पितळी सांध्याने सरळ एकमेकींना जोडलेल्या होत्या. डब्यातून ना हवा ओढली जात होती, ना तेल जात होतं. तो डबा फक्त तिथे होता.

माझा शाळेतला एक सोबती गॅरेज चालवतो. त्याला बोलावलं. तो आला, बॉनेटखाली वाकला. मग सरळ होऊन, इथे दोस्ताला मारतात त्या हाकेने म्हणाला, "बड्डे, ये तो शो-पीस है."

"मालूम है."

"बाबूजी ने किया?"

"और कौन करेगा?"

त्याने सांध्यावरून अंगठा फिरवला. "इतने साल में एक बूंद नहीं टपका. गुस्सा भी आ रहा है और पैर छूने का मन भी हो रहा है, यार."

मलाही नेमकं तेच होत होतं, पण मी हिशेबी माणूस आहे, मला आधी राग आला. दर दसऱ्याला बाबा बॉनेट उघडायचे. इंजिनाला, बॅटरीला आणि या डब्याला हळदकुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे. दर दोन वर्षांनी त्या डब्याला काळा रंग द्यायचे. म्हणजे आत काही नाही हे माहीत असलेल्या डब्याची ते पूजा करत होते, आणि समोर आई आरतीचं ताट घेऊन उभी असायची.

मी ते बूच आईच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने बूच पदराला पुसलं, उजेडात धरलं.

"म्हणजे ब्रेक नव्हताच?"

"ब्रेक होता. मदत नव्हती."

"आणि मला म्हणाले रबर नवीन आहे." ती भिंतीवरच्या फोटोकडे वळली. "काय हो? काहून खोटं बोलले? मी काही गाडी परत करणार होती का?"

माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, आता भांडून काय उपयोग, ते काही उत्तर देणार नाहीत."

"तेव्हा तरी कुठे देत होते?" आई म्हणाली.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. बाबांना लेथवर सगळं करता यायचं. नट, बोल्ट, बुशिंग, एकदा तर पाण्याच्या पंपाचा पूर्ण पंखा. पण रबर लेथवर होत नाही. त्या डब्यात रबराचा एक मोठा पडदा असतो, तो फाटला की डबा मेला. त्या काळी विलायतेहून तो मागवणं आमच्या ऐपतीच्या आणि ओळखीच्या बाहेर होतं. फॅक्टरीतल्या माणसाला 'हा भाग मिळत नाही' असं म्हणणं कमीपणाचं वाटतं. मिळत नाही तर बनवा. बनवता येत नसेल तर त्याच्याशिवाय चालेल असं करा. त्यांनी तसं केलं, आणि केलेलं काम निर्दोष होतं. फक्त त्यांनी जो भाग काढला त्याच्या जागी आईचा पाय बसवला, आणि हे पायाला सांगितलं नाही.

की सांगितलं असतं तर तिने भीतीने गाडी सोडली असती? आई म्हणते, नसती सोडली. पण ते ती आज म्हणते.

आता प्रश्न होता तो पुढचा. पाय गेला नव्हता, हे कळल्यावर आईचा चेहरा असा उजळला की माझ्या बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"तुम्ही त्यांना परत गाडीवर बसवणार आहात का?"

"आधी बघू."

"काय बघू? फुलवालीच्या टोपलीला लागली तेव्हा हा डबा जसा होता तसाच त्याच्या आधीच्या सोमवारीही होता. मग तेव्हा काहून थांबत होती गाडी?"

तिचा मुद्दा बरोबर होता, आणि मला तो आधी सुचला नव्हता. ब्रेक वीस-पंचवीस वर्षं सारखाच कडक होता. मधल्या काळात बदललेली गोष्ट एकच, तो आईचा पाय.

मी न्हाणीघरातला जुना, काट्याचा वजनकाटा भिंतीला टेकवून उभा केला, काटा शून्यावर आणला आणि आईला स्टुलावर, मागे कपाटाला पाठ टेकवून, बसवलं. "ब्रेक दाबतेस तसा पाय लाव आणि जितका जोर आहे तितका लाव." पद्धत ढोबळ होती, हे मान्य आहे. आडव्या वापरायच्या काट्याला उभा केला की तो थोडं खोटं बोलतो. पण दोघांना सारखंच खोटं बोलतो. माझ्या पायाने त्यावर सहज पासष्ट किलो दाखवले. आईने दात-ओठ खाऊन तीस दाखवले आणि पाय थरथरायला लागला.

दारातून बायको म्हणाली, "आईंच्या पायाचं ऑडिट करून राहिले का तुम्ही?"

"कर म्हणा," आई धापा टाकत म्हणाली. "ऑब्जेक्शन काय निघते ते तर पाहू."

ऑब्जेक्शन असं निघालं: जुन्या व्यवस्थेत उतारावर गाडी थांबवायला या पायाचा जोर पुरणार नव्हता. नवा डबा लावला तर पुरणार होता. मी दोघींना तेवढंच सांगितलं, कारण मला तेवढंच माहीत होतं.

जुन्या गाड्यांचे सुटे भाग मागवून देणारे एक गृहस्थ पुण्यात आहेत. त्यांच्यामार्फत नवा बूस्टर आला. डबा खोक्यातून काढला तेव्हा तो जुन्यापेक्षा हलका वाटला. जुन्याच्या भोकांत बसला नाही, म्हणून माझ्या सोबत्याने पत्र्याची एक पट्टी कापली. पितळी सांधा सोडवायला त्याला बराच जोर लावावा लागला. "बाबूजी छोड़ नहीं रहे," तो म्हणाला.

ब्रेकच्या नळ्या खोलल्या की त्यात हवा शिरते आणि ती काढावी लागते. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी. ब्रेक नसलेली गाडी गॅरेजला नेता येत नाही, म्हणून हे काम अंगणातच झालं. आई म्हणाली, पेडलवर मी बसते. तिने चपला सीटखाली सरकवल्या.

"माताजी, दबाओ!" गाडीखालून आवाज आला.

"दाबला."

"पकड़ के रखो… पकड़ के… अब छोड़ो. फिर दबाओ!"

"अरे, किती वेळ पकडू? कुकर लावून आली मी गॅसवर."

"माताजी, कुकर सीटी मारेगा तो आप छोड़ना मत, नहीं तो हवा फिर घुस जाएगी!"

शिट्टी झाली. आईने पाय सोडला नाही. गॅस बायकोने बंद केला.

चारही चाकं झाल्यावर मी आईला तीच तपासणी करायला सांगितली. इंजिन बंद, पेडल दाबून धर, आता चालू कर. इंजिन सुरू झालं आणि तिचा पाय पेडलसकट किंचित खाली गेला.

"अगं बाई! खाली गेला."

"जायलाच पाहिजे."

"लोण्यासारखा," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा एकदा दाबून पाहिला.

मग आम्ही कॉलनीतून एक फेरी मारायला निघालो. मी पुढे, सोबती मागे. शेवटच्या घरापाशी आईने ब्रेक लावला. इतकी वर्षं लावत होती तसा, सगळ्या अंगाचा भार पायात आणून. गाडी जागच्या जागी खिळली. माझे दोन्ही तळवे डॅशबोर्डवर आदळले, चष्मा पायाशी पडला. मागे सोबती सीटवरून खाली घसरला.

"माताजी, हमको मारोगी क्या!"

आईने इंजिन बंद केलं. 

"हे मला जमत नाही," ती म्हणाली. "जुनं लावून दे."

"जुनं लावलं तर तुझा पाय पुरत नाही."

"पुरते."

"आई, काटा तू पाहिला."

 मागे सोबत्याने दार उघडलं आणि तो "मैं पैदल आता हूं" म्हणत उतरला. मी तिला सरळ सांगितलं, कारण गोड करून सांगायची रीत आमच्या घरात कशी संपते हे नुकतंच कळलं होतं. "जुन्या ब्रेकवर तुला गाडी थांबवता येणार नाही. नव्याची सवय झाली नाही, तरी तुला चालवता येणार नाही. मागून ट्रक असला आणि तू अशी थांबलीस, तर तो आपल्यावर येईल. सवय झाली तर चालव. नाही झाली तर किल्ली मी ठेवतो. नंतर तुला वेगळं काही सांगणार नाही."

ती खाली पेडलकडे बघत होती. "शिकव मग," ती म्हणाली. "पण शिकवताना बोलू नको. तुझे बाबा बोलत नव्हते."

न बोलता शिकवायचं कसं, यावर मी लोटा काढला. घाटावर नेतो तोच. त्यात गळ्यापर्यंत पाणी भरायचं आणि तो माझ्या पायांच्या मध्ये खाली ठेवायचा. तिने ब्रेक लावला आणि पाणी सांडलं तर जोर जास्त झाला. घरी आल्यावर उरलेलं पाणी मी स्वयंपाकघरातल्या मापाने मोजायचो.

पहिल्या रविवारी आईने लोट्याकडे पाहून विचारलं, "हे काय, सत्यनारायण आहे का?" आणि त्या दिवशी निम्मं पाणी माझ्या पायमोज्यांत गेलं. दुसऱ्या रविवारी मी अनवाणी गेलो. इस्टेटच्या त्याच रस्त्यांवर आम्ही सकाळी जायचो. बाजूच्या क्वार्टरांपैकी बरीच आता रिकामी आहेत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फिरता फिरता थांबून आम्हाला तीन-चार फेऱ्या पाहिलं आणि मराठीतच विचारलं, "वहिनी, परवाना काढून राहिल्या का?" आई म्हणाली, "नाही, मुलाला पाणी पाजून राहिली."

पाय विसरायला वेळ लागतो. शिकायला लागतो त्यापेक्षा जास्त. पहिले काही रविवार ती ब्रेकवर पाय ठेवण्याआधी श्वास रोखायची. मग एकदा तिने फक्त पायाच्या पुढच्या भागाने, बोटांनीच, पेडल दाबलं आणि गाडी अशी थांबली की थांबली हे मला बाहेरचं झाड मागे सरकायचं थांबलं त्यावरून कळलं. लोट्यातलं पाणी कडेला नुसतं एकदा चढून उतरलं. तिने माझ्याकडे पाहिलं. बोलायची बंदी होती, म्हणून मी बोललो नाही.

घरी बायकोने माप पाहिलं. जवळजवळ पूर्ण होतं. ती म्हणाली, "पाणी न सांडणं ठीक आहे. पण समोर कोणी आलं तर?"

मी म्हटलं, "ते पाण्याने कळणार नाही."

"मग कशाने कळणार?"

मी लोटा विसळून पालथा घातला.

एका सोमवारी मी सुटी घेतली आणि आम्ही ग्वारीघाटला निघालो. आईने गाडी नीट नेली, रहदारीतून, सिग्नलवरून. शेवटच्या उताराच्या तोंडाशी मात्र तिने गाडी बाजूला घेतली.

"इथून तू ने."

आम्ही जागा बदलली. उतारावरून गाडी मी खाली नेली आणि लांबच लावली. टोपली कलंडली होती ती फुलवाली तिच्या जागीच होती. आई तिच्या समोरून गेली नाही, दुसऱ्या बाजूने पायऱ्यांकडे वळली. हात जोडले, लोटा भरला. चढही मीच चढवला, आणि वर सपाट रस्त्यावर ती पुन्हा स्टिअरिंगवर आली. लोटा रविवारच्या सवयीने माझ्या पायांमध्ये, उघडाच.

आम्ही फार पुढे गेलो नव्हतो. डावीकडच्या गल्लीतून एक ई-रिक्षा न थांबता सरळ आमच्या पुढ्यात आली. आत तीन बायका, मांडीवर पूजेच्या थाळ्या. कडेची बाई आमच्याकडेच बघत होती, तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं.

आईने ब्रेक लावला. बोटांनी नाही. मी पुन्हा डॅशबोर्डवर. लोटा आडवा झाला, सगळी नर्मदा माझ्या पँटवर आणि गाडीच्या पायपोसावर. गाडी थांबली होती. ई-रिक्षा आमच्या दिव्यांसमोरून तिरकी होऊन निघून गेली. तिच्या चालकाने मागे वळूनही पाहिलं नाही. कडेच्या बाईने तेवढे हात जोडले, आम्हाला की नदीला, कोण जाणे.

बंपर आणि रिक्षा यांच्यात किती अंतर राहिलं ते मला सांगता येणार नाही. मी ते पाहिलं नाही.

मागून हॉर्न वाजला. आईने गाडी कडेला घेतली.  तिने वाकून लोटा पाहिला, पालथा.

"सगळं सांडलं," ती म्हणाली.

"सांडू दे, आई."

"जुन्या ब्रेकवर सांडलं नसतं." तिने समोर पाहिलं. त्या बायका जिथे होत्या तिथे आता रिकामा रस्ता होता. "आणि त्या पोरी…"

 तिने साडीचा पदर पुन्हा खोचला.

"देवाला पाणी नाही, परत जा लागते," ती म्हणाली आणि गाडी वळवली.

मला वाटलं होतं उताराशी ती पुन्हा थांबेल. मी दाराच्या कडीला हातही लावला होता. ती थांबली नाही. गिअर खाली घेतला, आणि पाय पेडलवर ठेवून, दाबत-सोडत, दाबत-सोडत, गाडी तिने तशीच खाली नेली. फुलवाल्यांच्या अलीकडे, जिथे ती नेहमी लावायची तिथे, गाडी उभी राहिली.

फुलवालीने मान वर केली. "माताजी! बहुत दिन में आईं. गाड़ी बनवा ली?"

"बन गई," आई म्हणाली. मग खाली उतरली, चपला घातल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "उस दिन तेरा बहुत झेंडू गया. आज दो माला दे."

मी पायऱ्या उतरून लोटा पुन्हा भरला. गाडीत येऊन तो नेहमीसारखा पायांमध्ये ठेवायला लागलो, तेव्हा आईने माझा हात धरला. माळा ज्यात आणल्या होत्या तो पळसपानांचा द्रोण तिने रिकामा केला आणि लोट्याच्या तोंडावर पालथा घट्ट दाबून बसवला.

"आता झाकून ने," ती म्हणाली. "देवाचं पाणी आहे ते."

तिने चपला सीटखाली सरकवल्या आणि इंजिन सुरू केलं.